लेकुरवाळ्या घरातली घरघंटी

घरात पाच वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा असेल, सासू-सासरे असतील, रोजच्या जेवणात ज्वारीची भाकर आणि गव्हाची पोळी दोन्ही लागत असतील आणि गावात एकच गिरणी असून तीही विजेच्या लहरीप्रमाणे चालत असेल, तर घरघंटी घ्यावी की नाही हा विषय कधी ना कधी निघतोच. अचलपूर तालुक्यातील आमच्या खेड्यात, आमच्या घरी तो निघाला, बरेच दिवस चघळला गेला आणि मागच्या दिवाळीत एक अश्वशक्तीची, बाहेरून लहान कपाटासारखी दिसणारी स्वयंचलित घरघंटी ओसरीत येऊन बसली. हिवाळ्याचे लाडू, उन्हाळ्याचा सातू आणि पावसाळ्यातले सादळलेले धान्य असे सगळे तिच्यातून निघाले आहे, त्यामुळे आता तिच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. कंपनीचे नाव घेत नाही, कारण या आकाराची बहुतेक यंत्रे आतून सारख्याच रचनेची असतात आणि पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते त्या रचनेचेच आहेत.

केवळ गव्हाचे पीठ घरच्या घरी मिळावे एवढ्यासाठी कोणी पंधरा-अठरा हजार रुपये घालणार असेल तर त्याने ते घालू नयेत, हे माझे मत आधीच सांगून टाकते. या यंत्राचा खरा उपयोग थोडे-थोडे, निरनिराळे आणि निरनिराळ्या जाडीचे दळण काढण्यात आहे. लहान मुले असलेल्या घरात असे दळण सतत लागते. सातव्या महिन्यात बाळाला चालणारी पेज दहाव्या महिन्यात त्याला नकोशी होते, वर्षाचे झाले की त्याला दाताखाली काहीतरी लागावे असे वाटते, आणि मोठ्या बहिणीच्या ताटातले आपल्यालाही हवे असा हट्ट तर त्याच्याही आधी सुरू होतो. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या जेवणासाठी दहा किलोंचे एकच एक दळण कामाचे नसते.

गावच्या गिरणीला मी नावे ठेवणार नाही. दहा किलो गहू दळायचे असतील तर दगडाच्या गिरणीसारखे पीठ घरघंटी देत नाही, आणि गिरणीवाले काका दळण तर करून देतातच, शिवाय नड असेल तर पैशांसाठी थांबतातही. अडचण येते ती लहान दळणाची. पाव किलो मुगाची डाळ आणि तीन पाव तांदूळ भाजून बाळासाठी दळायचे असले, तर दगडांत आधीच्या माणसाचे जेवढे पीठ अडकलेले असते तेवढेच आपल्या दळणात जाणवण्याइतके ठरते. आधी कोणी मका किंवा बाजरी दळली असेल तर पेजेला तिचा वास येतो. गिरणीच्या दगडांना नुकतीच टाकी लावलेली असली, म्हणजे छिन्नीने ते पुन्हा खरखरीत केलेले असले, तर पहिल्या काही दळणांत दगडाची कच उतरते. मोठ्यांना ती दाताखाली लगेच कळते, पण ज्याला अजून पुरते दात आलेले नाहीत त्याला ती सांगताही येत नाही. ज्या मुलांना गहू सोसत नाही त्यांच्या घरी तर दुसऱ्याच्या पिठाची ही सरमिसळ अजिबातच चालत नाही. घरघंटीत आधीचे पीठ मुळीच राहत नाही असे नव्हे, मूठभर तरी राहतेच, परंतु ते आपल्याच घरचे असते आणि काय दळले होते हे आपल्याला ठाऊक असते.

या यंत्राने आमच्या घरात परत आणलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कण्या. वऱ्हाडात ज्यांचे बालपण गेले त्यांना कण्या वेगळ्या सांगायला नकोत. ज्वारीवर पाण्याचा हबका मारून ती थोडा वेळ झाकून ठेवायची, उखळात हलक्या हाताने कांडून वरचा कोंडा सुटा करायचा, सुपात पाखडून ज्वारी सावलीत कोरडी करायची आणि मग जात्यावर जाडसर भरडायची, अशी ती रीत होती. घरोघरची जाती अंगणात उलटी पडली तशा कण्याही ताटातून गेल्या, कारण गिरणीवर त्या काढून मिळत नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या दोन किलोंसाठी दगड ढिले करायचे आणि मग पुन्हा कसायचे, ही अपेक्षा गिरणीवाल्याकडून करणेही रास्त नाही. घरघंटीत मात्र जाळी बदलली की काम झाले. यंत्रासोबत सहा जाळ्या मिळाल्या असून त्यांतली सर्वांत मोठ्या भोकांची जाळी पत्रकात दलियासाठी म्हणून सांगितलेली आहे, तीच कण्यांना चालते.

पहिल्यांदा ज्वारी भरडली तेव्हा भांड्यात जे आले ते सासूबाईंनी चिमटीत घेऊन बोटांवर पसरून पाहिले आणि म्हणाल्या, "हे त पीठच झालं वं, कण्या कुठी हायेत याच्यात?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जाते दाणा दोन पाळ्यांमध्ये दाबून फोडते, तर घरघंटीच्या आत फिरणारी पाती तो वेगाने आपटून फोडतात, त्यामुळे चुरा बराच पडतो. यावर तोड त्यांनीच काढली, आणि आता आमच्याकडे भरडलेली ज्वारी दोन चाळण्यांमधून चाळली जाते. बारीक चाळणीतून खाली येते ते पीठ भाकरीच्या डब्यात जाते, दोन्हींच्या मधला रवा आंबिलीसाठी वेगळा राहतो, आणि मोठ्या चाळणीवर पांढऱ्या-पिवळसर, कडा धारदार असलेल्या कण्या उरतात. मुलगी परात धरून समोर बसते आणि त्या कण्यांमधून न फुटलेले अख्खे दाणे एकेक वेचून वाटीत टाकते. ती वाटी भरली की ते दाणे पुन्हा यंत्रात टाकण्याचा मान तिचा असतो. ज्वारी मात्र भरडण्याआधी पुरती वाळलेली असावी लागते. हबका मारलेली ओलसर ज्वारी तशीच टाकली तर जाळीची भोके लिंपून बंद होतात आणि यंत्र उघडून बसावे लागते.

रात्री वाटीभर कण्या पातळ ताकात भिजत घालाव्या आणि सकाळी चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर, मधून मधून हलवत, मऊ शिजवाव्या. बाळासाठी त्यातल्याच दोन डाव कण्या मीठ घालण्याआधी काढून, त्यांत वरण आणि तुपाचे चार थेंब घातले की त्याची वाटी तयार होते. मुलीला त्याच कण्या गूळ-दुधात लागतात, आणि मोठ्यांना मीठ, जवसाची चटणी व वरून कच्चे तेल. एकाच पातेल्यातून चौघा-सहांचे जेवण निघते आणि बाळासाठी वेगळी चूल मांडावी लागत नाही, ही सोय मला यंत्राच्या कोणत्याही स्वयंचलित बटणापेक्षा मोठी वाटते. ताकात भिजवण्याचा लाभ चवीपुरताच नाही. धान्यातील फायटेट नावाचा घटक शरीराला लोह आणि जस्त नीट घेऊ देत नाही, आणि भिजवल्या-आंबवल्याने तो कमी होतो. ज्या घरी सकाळी लेकरांना चहात पोळी बुडवून देण्याची पद्धत आहे त्या घरी हे जरा मोठ्याने सांगायला हवे, कारण चहा नेमके उलटे काम करतो.

बाळाच्या पिठांविषयी थोडे सविस्तर लिहिते. नाचणी हे आमच्या भागातले पीक नव्हे, ती बाजारातून विकत आणावी लागते, पण आणण्याजोगी नक्कीच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि गव्हात किंवा ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच. नाचणी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, हलकी भाजायची आणि सर्वांत बारीक जाळीवर दळायची. मोड आणण्याचा खटाटोप केवळ पौष्टिकतेसाठी म्हणून सांगितला जातो, परंतु त्यामागे याहून व्यवहारी कारण आहे. मोड येताना धान्यात तयार होणारे विकर (एन्झाइम) पिठूळ भाग तोडते, त्यामुळे अशा पिठाची पेज शिजल्यावर गोळा होत नाही. साध्या पिठाची पेज बाळाला गिळता यावी म्हणून पाणी घालघालून पातळ करावी लागते आणि इवल्याशा पोटात पाणीच जास्त जाते; मोडाच्या पिठाची पेज दाट राहूनही सरसरीत असते, म्हणजे तितक्याच चमच्यांमध्ये अन्न जास्त जाते. गव्हाच्या पेजेतही मोडाच्या नाचणीचे चमचाभर पीठ घातले तर हाच गुण येतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि तेव्हापासून तालुक्याच्या दुकानांमध्येही नाचणी-ज्वारीची रंगीत पाकिटे दिसू लागली. त्यांतील अनेकांवरची घटकांची यादी वाचली तर साखरेचे नाव शोधायला फार खाली जावे लागत नाही. ज्या वऱ्हाडात ज्वारीची शेते सोयाबीन, कपाशी आणि आमच्याकडे तर संत्र्यांच्या बागांनी मागे सारली, तिथेच ज्वारी आता पाकिटातून, साखर घालून परत यावी, याची मला गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. मेळघाटात कोरकू शेतकरी पिकवतात ती कुटकी मिळाली तर आम्ही आणतो. ती दळण्यापेक्षा भातासारखी शिजवलेली मुलांना जास्त आवडते, म्हणून तिच्यासाठी यंत्राची गरजच पडत नाही.

उन्हाळ्यात सातू होतो. गहू आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजून, त्यांत थोडी सुंठ आणि वेलदोडे टाकून दळले की सातूचे पीठ तयार होते. पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत मुलांना दुपारी भूक नसते, पण गूळ घातलेल्या गार पाण्यात कालवलेला सातू मुलगी वाटी चाटून संपवते. पूर्वी तो एकदाच भरपूर करून ठेवला जाई आणि शेवटी शेवटी त्याला जुनाट वास येई. आता अर्धा-अर्धा किलो होतो. बेसनाचेही तसेच आहे. पाटवडीला बारीक, लाडूला जाड, असे एकाच डाळीतून दोन्ही काढता येते, आणि घरच्या डाळीच्या बेसनावर वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला की दुकानच्या पिवळ्याजर्द पुडीची आठवणही येत नाही. बाजरीला तर ताजेपणाची फारच गरज असते, कारण तिच्यात स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ काही दिवसांतच कडवट होते. हिवाळ्यात आठवड्यापुरतीच बाजरी दळायची हा नियम यंत्रामुळे पाळता येऊ लागला.

आता पोळीविषयी, कारण बहुतेक लोक घरघंटी घेतात ते गव्हासाठीच. बारीक जाळीवर दळलेले गव्हाचे पीठसुद्धा हाताला किंचित रवाळ लागते. दगडाखाली गव्हातील पिष्टाचे (स्टार्चचे) कण जास्त दुखावतात आणि म्हणून ते पीठ पाणी अधिक पिते, कणीक मऊ होते आणि पोळी संध्याकाळपर्यंत लुसलुशीत राहते. घरघंटीच्या पिठाची कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवून निदान अर्धा तास झाकून ठेवली तर हा फरक बराच भरून निघतो, पूर्णपणे मात्र नाही. शाळेच्या डब्यात जाणारी पोळी दुपारपर्यंत वातड होते, अशी तक्रार माझ्या मुलीने केलेली आहे आणि ती योग्य आहे. म्हणून आमचे मोठे गव्हाचे दळण आजही गिरणीवरच जाते. ज्वारीच्या भाकरीत असा फरक मला आढळला नाही. उलट ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकर थापताना कडा चिरतात, त्यामुळे ताज्या पिठाचा लाभ तिथे उघडच दिसतो.

यंत्रासोबत येणाऱ्या पत्रकातील दावे मात्र डोळे झाकून मानू नयेत. घरघंटीच्या पिठात कोंडा राहतो म्हणून ते पौष्टिक, असे त्यात ठळक अक्षरांत छापलेले आहे. कोंडा गिरणीच्या पिठातही राहतोच. तो जातो आपल्या घरच्या चाळणीत, आणि मैद्याच्या कारखान्यात. पीठ न चाळता वापरायचे ठरवले तर त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. कमी उष्णतेत दळल्याने जीवनसत्त्वे टिकतात हा दुसरा दावा तर ऐकायला गोड आहे, पण ही मोटार मिनिटाला तीन हजारांच्या जवळपास फेरे घेते आणि सलग दळण काढले की भांड्यातले पीठ हाताला चांगले गरम लागते. शिवाय ते पीठ पुढे तव्यावरच जायचे असते. गरम पीठ लगेच डब्यात भरू नये, एवढा व्यावहारिक सल्ला त्या पत्रकात असायला हवा होता. परातीत पसरून निवू दिले नाही तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरतात आणि पिठाला बुरशीचा वास येतो.

खेड्यात हे यंत्र घेणाऱ्याने सर्वांत आधी विचार करायचा तो विजेचा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे तासभर चालवली तर साधारण एक युनिटच्या आतबाहेर वीज लागते; बिलात त्याचा भार फारसा जाणवत नाही. प्रश्न दाबाचा आहे. रब्बीच्या हंगामात शेतांतले पंप चालू झाले की आमच्याकडे संध्याकाळी दिवे पिवळे पडतात, आणि अशा वेळी घरघंटी सुरू केली तर मोटार नुसती हुंकारते, फिरत नाही. लगेच बंद केली नाही तर तिचे वेटोळे जळू शकते. दळण नेहमी दाब पुरेसा असताना, म्हणजे आमच्या बाबतीत भल्या सकाळी किंवा भर दुपारी काढावे, आणि आधी यंत्र सुरू करून मगच धान्य सोडावे. आत धान्य अडकलेले असताना सुरू केल्यास मोटारीवर नाहक ताण येतो. दुसरी बाब अर्थिंगची. जुन्या घरांतून ती तार नुसती नावाला असते किंवा नसतेच. मुले रांगतात, ओल्या हातांनी सगळीकडे हात लावतात, म्हणून यंत्र घरात आणण्याआधी जाड पिनेचा स्वतंत्र सॉकेट आणि जमिनीत नीट पुरलेली अर्थिंग करून घेणे हा या खरेदीचाच भाग समजावा. दार उघडले की मोटार थांबण्याची सोय आमच्या यंत्रात आहे आणि ती नीट काम करते. तरीही सॉकेटचे बटण बंद केल्याशिवाय आम्ही दार उघडत नाही.

आवाज बराच होतो. बाळ झोपलेले असताना दळण्याचा विचारही करू नये, आणि ओसरीत ठेवलेले यंत्र आतल्या खोलीतली झोप मोडायलाही पुरेसे होते. आमच्या धाकट्याला सुरुवातीला त्या आवाजाची भीती वाटे. आता तो यंत्राच्या दाराला टेकून उभा राहतो आणि त्याचे थरथरणे पोटाला लागले की हसतो, म्हणून दळण चालू असताना एक मोठे माणूस केवळ त्याला दूर ठेवण्यासाठी लागते. दहा-पंधरा मिनिटांचे दळण असले तरी तेवढा वेळ दोन माणसे गुंततात, हे घरघंटी घेताना कोणी सांगत नाही.

साफसफाईबाबत मी थोडी कडक आहे. दळण झाल्यावर जाळी काढून, आतला कप्पा कोरड्या ब्रशने झाडून, भांड्यावरची कापडी गाळणी झटकून ठेवली नाही, तर पावसाळ्यात आठवडाभरातच कोपऱ्यांत पिठाचे लगदे धरतात आणि त्यांत आळ्या होतात. पाणी लावायचे नाही, ओले फडकेही नाही. आळीपाळीने वेगळी धान्ये दळायची असतील तर आधी तांदूळ, मग ज्वारी, मग गहू आणि शेवटी डाळी असा क्रम ठेवला की वासाची सरमिसळ कमी होते. बाळाचे पीठ असेल तेव्हा आधी मूठभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढावे. आमच्याकडे ते धिरड्यांत जाते. धान्य निवडणे काही चुकत नाही. वरच्या खाचेत लोहचुंबक असल्याने खिळा-तार अडकते, पण खडा सरळ आत जातो आणि जाळी फाडतो.

तेलाचे दाणे यात दळू नयेत. तीळ, जवस, शेंगदाणे यांचा लगदा होऊन जाळी बंद पडते, त्यांना आपला खलबत्ता किंवा मिक्सरच बरा. मिरची दळता येते असे दुकानदार सांगतो. दळता येते, पण नंतर कितीही झाडले तरी पुढच्या पिठात तिखटाचा अंश उतरतो, आणि ज्या घरात बाळासाठी पीठ काढायचे त्या घरात हा धोका कशाला पत्करावा? हळकुंडांची तर गोष्टच सोडा. वायगावच्या हळदीचे कडक हळकुंड ज्याने हातात घेतले आहे तो ते या पात्यांवर टाकणार नाही. वर्षाचे तिखट आणि हळद डंकावरच कुटून आणावी.

यंत्राचे बाहेरचे कपाट प्लायवुडचे आहे आणि मातीच्या भिंतीशेजारी त्याला वाळवी लागायला वेळ लागत नाही. चाके असल्यामुळे ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवता येते, ते तसेच ठेवावे, आणि मागच्या बाजूने वायर जिथे आत जाते ती फट पत्र्याने किंवा जाळीने बुजवून घ्यावी, कारण पिठाच्या वासाने उंदीर तिथूनच शिरतात. स्टीलच्या कपाटाची घरघंटी थोडी महाग मिळते; खेड्यातल्या घराला मी तीच सुचवेन.

पैशांचा हिशेब सरळ आहे. सहा माणसांच्या घरात महिन्याला चाळीस किलो दळण धरले आणि गिरणीचा दर किलोला पाच रुपये धरला, तर महिन्याचे २०० आणि वर्षाचे २,४०० रुपये होतात. अठरा हजारांचे यंत्र, विजेचा आणि दुरुस्तीचा खर्च सोडून दिला तरी, वसूल व्हायला साडेसात वर्षे घेईल. तेही सगळे दळण घरी केले तर. आमच्यासारखे गव्हाचे दळण गिरणीवर पाठवणाऱ्यांनी वसुलीची गोष्टच काढू नये. महिलांना अनुदानावर पिठाची गिरणी देण्याच्या योजना अनेक जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांकडून वेळोवेळी राबवल्या जातात, तेव्हा खरेदीच्या आधी पंचायत समितीत एक चक्कर मारून चौकशी करावी. बचत गटातल्या चार-पाच लेकुरवाळ्या घरांनी मिळून एक यंत्र घेतले आणि बाळांच्या पिठांसाठी आणि कण्यांसाठीच वापरले, तर ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटेल. आमच्या गल्लीतल्या दोन घरांची नाचणी आताही आमच्याच यंत्रावर येते, आणि त्या बदल्यात वाटीभर सरगुंडे नाहीतर ताकाचा तांब्या येतो.

विक्रीनंतरच्या सेवेला मी फार कमी गुण देईन. उन्हाळ्यात मोटारीचा कपॅसिटर गेला तेव्हा ज्या दुकानातून यंत्र घेतले होते त्यांनी उद्या माणूस पाठवतो असे सांगितले, आणि तो उद्या बऱ्याच आठवड्यांनी उगवला. कारागीर आल्यावर काम अर्ध्या तासाचेही नव्हते. हमीपत्रावर शिक्का होता, पण येण्या-जाण्याचा खर्च हमीत बसत नाही हे त्या वेळी कळले. शेवटी गावात पंपांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या पोराने तो भाग नीट पाहून ठेवला असून आता किरकोळ कामासाठी आम्ही त्यालाच बोलावतो. यंत्र घेताना बारीक आणि जाड अशा दोन जादा जाळ्या, एक कापडी गाळणी आणि एक कपॅसिटर त्याच पावतीवर लावून घ्यावे, म्हणजे पाहुणे आलेले असताना जाळी फाटली तरी सुटा भाग अमरावतीहून येण्याची वाट पाहत बसावे लागत नाही.